आक्काच्या रिपोर्टनंतर पहिली चाचणी कुणाची?

(वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र निपाणी भागातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे ४६ वर्षांचे, थोडी शेती आणि तंबाखूची वखार. त्यांची थोरली बहीण, आक्का, कोल्हापूरकडे दिलेली, वय ५१. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन आणि केमो पार पडले. मग डॉक्टरांनी जनुकीय चाचणी करून घेतली आणि त्यात बीआरसीए-२ या जनुकात बिघाड निघाला. आक्काने भावाला फोन करून सांगितलं, "तू पण तपासून घे." तेव्हापासून घरात शांतता नाही. आई म्हणते, "बायकांचं दुखणं बायकांत. बाप्या माणसानं काय तपासायचं त्यात?" अडचण एवढ्यावर थांबत नाही. आक्काच्या मुलाशी (वय २५) पत्रलेखकांच्या थोरल्या मुलीचं (वय २१, बेळगावात शिकते) लग्न दोघं लहान असल्यापासून ठरल्यात जमा आहे. पत्नी आता म्हणते, "त्या घरात माझी पोरगी द्यायची नाही." धाकटी मुलगी १६ वर्षांची. वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, "आयुष्यभर तंबाखूत राहिले म्हणून." वडिलांची एक बहीण "छातीला गाठ होऊन" चाळिशीतच गेली होती. चुलत्यांशी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, बोलणं नाही. ते विचारतात: सोयरीक मोडावी का? थोरलीची चाचणी करावी का? बाहेर कळलं तर दोघींची लग्नं व्हायची कशी? शेवटी एक ओळ आहे: "हल्ली आक्काचा फोन आला की उचलायला हात जात नाही."

दादा,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्ही मुलींबद्दल आहेत. स्वतःबद्दल एकही नाही. माझं उत्तर मात्र तुमच्यापासून सुरू होतं, कारण तुमच्या घरात चाचणी व्हायचीच असेल तर पहिली तुमची व्हायला हवी. थोरलीची नंतर, आणि कदाचित तिची गरजच पडणार नाही.

कसं ते सांगते. बीआरसीए-२ हे जनुक तुमच्याकडे, माझ्याकडे, सगळ्यांकडेच असतं. पेशीतल्या डीएनएची मोडतोड झाली की ती दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आक्काची एक प्रत बिघडलेली निघाली. ती तुमच्या आईवडिलांपैकी एकाकडून आली असणार, आणि तुम्ही त्यांचाच मुलगा. म्हणजे ती तुमच्याकडेही आलेली असण्याची शक्यता निम्मी. तुमच्याकडे असेल तर प्रत्येक मुलीकडे जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. आज कुणीच काही तपासलेलं नसताना थोरलीच्या बाबतीत ही शक्यता चारात एक आहे, धाकटीच्याही तेवढीच. तुमची चाचणी निगेटिव्ह आली तर दोघींच्या बाबतीत हा विषय तिथेच मिटतो. जे तुमच्याकडे नाही ते तुम्ही पुढे देऊ शकत नाही, आणि हा बिघाड मधली पिढी वगळून नातवंडांत उगवत नाही.

आता उलट करून बघा. तुम्ही मागे राहिलात आणि थोरलीला पुढे केलंत. तिची निगेटिव्ह आली तर फक्त तिचं कळलं, धाकटीचं कोडं तसंच. पॉझिटिव्ह आली तर तुमच्याकडेही बिघाड आहे हे आपोआप ठरलं, पण ती बातमी घरात आणायचं ओझं एकवीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर. बापाने हे आधी स्वतः उचलावं असं मला वाटतं.

आईंचं म्हणणं मी समजू शकते. त्यांनी आजवर हे दुखणं बायकांनाच झालेलं पाहिलं. पण जमीन मुलाला आणि दागिने मुलीला अशी वाटणी जनुकं करत नाहीत. बीआरसीए-२ तेराव्या गुणसूत्रावर असतं, आणि ते गुणसूत्र बाईत आणि पुरुषात सारखंच. बाप ते मुलीला देतो, आई मुलाला देते. त्यामुळे "आमच्या आईकडे कुणाला नव्हतं" असं म्हणून सुटका होत नाही. बापाकडची बाजू बघावीच लागते. डॉक्टरसुद्धा कधी कधी फक्त आई, मावशी, आजी एवढंच विचारून थांबतात. तुम्ही आपणहून आत्याचं सांगा.

तुमच्या पत्रात वडिलांवर एक ओळ आहे आणि आत्यावर अर्धी. माझं सगळं लक्ष त्या दीड ओळीवर गेलं. बीआरसीए-२ मधल्या बिघाडाने स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तसा स्वादुपिंडाच्या आणि पुरुषांत प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचाही वाढतो. वडिलांना स्वादुपिंडाचा, त्यांच्या बहिणीला चाळिशीत छातीची गाठ, आणि आता आक्का. हे तिन्ही एका रांगेत ठेवले की बिघाड वडिलांच्या बाजूने आला असावा असं वाटू लागतं. खात्री नाही, त्यासाठी आईंची चाचणी करावी लागेल आणि त्यांच्यावर ती जबरदस्ती करायची नाही. पण आईंना नीट समजावून सांगितलं आणि त्या स्वतः तयार झाल्या, तर त्यांच्या एका रक्ताच्या नमुन्याने दोनपैकी एका घराण्यावरचा घोर जाईल.

तंबाखूचंही बोलून घेऊ. तुमच्याकडे घरात कुणालाही कसलाही कॅन्सर झाला की बोट तंबाखूकडे जातं. निपाणीचा भागच बिडीच्या तंबाखूचा, बायका सकाळी मिश्री लावतात, वखारीत दिवसभर तो वास. बोट जाणं साहजिक आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरबाबत ते अगदी बरोबर जागी जातं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरलाही तंबाखू, विशेषतः धूम्रपान, कारण ठरतं. म्हणजे वडिलांच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र असू शकतील. पण "तंबाखूने गेले" हे उत्तर मिळालं की घरात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, तसं तुमच्या घरात झालं असावं. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तंबाखू सोडायला तुम्हाला आणखी एक कारण मिळेल. निगेटिव्ह आली तरी आईंची मिश्री सुटायला हवीच, तो विषय वेगळा.

पुरुषांचं नेमकं काय, तेही सांगते, कारण "मी बाप्या माणूस" असं तुम्हीही एका ठिकाणी लिहिलं आहे. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता हजारात एक. बीआरसीए-२ बिघडलेल्या पुरुषात ती शंभरात चार ते आठ, अशी वेगवेगळ्या अभ्यासांतून आली आहे. प्रोस्टेटचा धोका दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो, आणि तो आजार कमी वयात, जास्त जोराने येऊ शकतो. म्हणून अशा पुरुषांनी पस्तिशीपासून छातीची तपासणी करून घ्यावी आणि चाळिशीपासून प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणी सुरू करावी असं तज्ज्ञ सांगतात. तुम्ही ४६ चे आहात. म्हणजे बिघाड निघाला तर तुमची छातीची तपासणी आधीच अकरा वर्षं आणि पीएसए सहा वर्षं उशिरा चालली आहे. मुलींच्या काळजीत हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, वहिनींच्याही नाही.

आता बायकांचे आकडे. हे वाचून घाबराल, म्हणून आधीच सांगते की हे पूर्ण आयुष्याचे, ८० वर्षांपर्यंतचे आकडे आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए-२ बिघडलेल्या शंभर बायकांमागे साधारण ६९ जणींना स्तनाचा आणि १७ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होईल असा अंदाज निघाला. ही कुटुंबं बहुतेक पाश्चात्त्य देशांतली होती, आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे असू शकेल. आणि हे लक्षात घ्या की स्तनाच्या सगळ्या कॅन्सरपैकी असे वारशाने आलेले फक्त शंभरात पाच ते दहा. गल्लीत कुणा बाईला गाठ निघाली म्हणून तिच्या मुलींनी चाचणीला धावावं, असं यातून निघत नाही. लहान वयात झालेला आजार, दोन्ही स्तनांना झालेला, अंडाशयाचा, पुरुषाच्या स्तनाचा, किंवा एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना झालेला, असं काही असेल तर डॉक्टरांना विचारावं. चाचणीची सुरुवात शक्यतो आजार झालेल्या माणसापासून करावी. तुमच्या घरात आक्काने ते पाऊल टाकलेलं आहे.

थोरलीची वेळ आलीच, आणि पॉझिटिव्ह आलीच, तर काय? लगेच काहीच नाही. ऑपरेशनची घाई तर मुळीच नाही. साधारण पंचविसाव्या वर्षापासून वर्षातून एकदा स्तनांचं एमआरआय, तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, आणि अधूनमधून डॉक्टरांकडून तपासणी. अंडाशयाचं थोडं अवघड आहे. त्याचा कॅन्सर वेळेत पकडेल अशी भरवशाची तपासणी अजून हातात नाही, सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करत राहिलं तरीही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-२ मध्ये साधारण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. स्तन आधीच काढून टाकायचे की तपासण्यांवर राहायचं हा पूर्णपणे त्या बाईचा निर्णय. दोन्ही रस्ते मान्य आहेत. काढले तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यांतलं काहीही या रिपोर्टने अडत नाही. तुमच्या आत्यांना जे मिळालं नाही ते तिच्याकडे असेल: आधीची वीस वर्षं.

धाकटीची चाचणी आत्ता नको. तिच्या वयात या बिघाडासाठी करण्यासारखं काही नसतं, म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर, तिला स्वतःला हवी असेल तर, असाच नियम पाळतात. घरात काय चाललंय ते तिला कळतंच आहे. दारामागून अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून दोन सरळ वाक्यं ऐकली तर तिला सोपं जाईल.

आता सोयरीक. इथे मला वहिनींशी थोडं भांडायचं आहे, त्यांनी राग मानू नये. "त्या घरात पोरगी द्यायची नाही" असं त्या म्हणतात, जणू बिघाड आक्काच्या सासरी राहतो. आक्काच्या सासरचा याच्याशी काही संबंध नाही. तो आला तिच्या माहेरच्या, म्हणजे तुमच्याच घराण्यातून. थोरलीकडे तो असेल तर तो तुमच्यामार्फत आलेला असेल, आणि तिचं लग्न आतेभावाशी झालं काय, धारवाडच्या अनोळखी मुलाशी झालं काय, तिचा स्वतःचा धोका तसूभरही बदलत नाही. सोयरीक मोडून मुलगी वाचवली असं वहिनींना वाटेल, आणि प्रत्यक्षात तिच्यासाठी काहीच झालेलं नसेल.

पण म्हणून हे लग्न खुशाल करा असंही मी म्हणणार नाही, आणि माझं कारण वहिनींच्या कारणापेक्षा वेगळं आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क धरतात, आणि तुमच्यासारखी कितीतरी लग्नं पाळण्यात ठरतात. एरवी बीआरसीए-२ चा बिघाड नवराबायकोपैकी एकाकडे असतो. आतेभाऊ-मामेबहिणीत मात्र तोच बिघाड दोघांकडे असू शकतो, कारण दोघांचे आजीआजोबा एकच. दोघांकडे असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. अशा बाळाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा दुर्मीळ पण फार गंभीर आजार होतो. अस्थिमज्जा रक्त बनवण्यात कमी पडते आणि अगदी लहान वयात रक्ताचा किंवा मेंदूचा कॅन्सर होण्याचा मोठा धोका असतो.

तुमच्या बाबतीत आकडा मांडून बघू. भाच्याकडे बिघाड असण्याची शक्यता निम्मी, थोरलीकडे चारात एक. दोघांकडे मिळून आठात एक. त्यावर बाळाला चारात एक. म्हणजे आज काहीही न तपासता बत्तीसात एक, शंभरात तीन धरा. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात इतर वंशागत आजारांचा धोका जो थोडा वाढतो तो यात धरलेला नाही, तो वेगळा. पण या बत्तीसात एकवर कुणी निर्णय घेऊ नये, कारण तो आकडा फक्त आपल्या अज्ञानाचा आहे. तुमची चाचणी निगेटिव्ह आली, किंवा भाच्याची आली, की हा विशिष्ट धोका संपतो. दोघांची पॉझिटिव्ह आली तर थोरलीने करायचं की नाही ते ठरवावं. आणि थोरलीचीही आली, तर माझं मत विचाराल तर मी ही सोयरीक करणार नाही. तरी निर्णय त्या दोघांचा. गर्भधारणेच्या आधी आणि गर्भ असताना तपासण्याचे मार्ग आहेत, ते जनुकीय तज्ज्ञाकडून समजून घेऊन त्यांनी ठरवावं.

ती दोघं म्हटलं, कारण एवढ्या लांब पत्रात त्या दोघांना काय हवंय हे कुठेही आलेलं नाही. आईचं म्हणणं आहे, पत्नीचं आहे, आक्काचं आहे, भाऊबंद काय म्हणतील तेही आहे. एकवीस वर्षांची मुलगी बेळगावात राहून शिकते. तिला या लग्नात कितपत रस आहे हे तुम्ही कधी विचारलंत का? कदाचित तिला हवंय, मनापासून हवंय, आणि आई अचानक का बिथरली हे तिला कळत नसेल. कदाचित ती कारणाच्या शोधातच असेल. दोन्ही बाबतीत रिपोर्टच्या आड लपून लग्न मोडू नका किंवा जमवू नका. नको असेल तर नको म्हणायला आजाराचं निमित्त लागत नाही.

बाहेर कळलं तर काय, हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं, झोप उडवणारा खरा प्रश्न तोच. तुमच्या भागात लग्नं कशी जमतात मला माहीत आहे. मध्यस्थ संकेश्वरच्या बाजारात कुणाशी काय बोलला ते रात्रीपर्यंत चिकोडीला पोचतं. म्हणून माझा सल्ला असा: मध्यस्थाला, भावकीला, गावाला हे सांगायची काहीच गरज नाही. चाचणीचा निकाल हा त्या माणसाचा खाजगी कागद असतो, दवाखान्याने तो तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दाखवायचा नसतो. पण ज्याच्याशी मुलगी संसार करणार त्याच्यापासून लपवू नये. सांगायचं तिने, तुम्ही नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात चहाचे कप हातात असताना नाही. दोघं दोन-चारदा बोलली, पुढे जायचं असं वाटू लागलं की. तेव्हा तिच्या हातात नुसता रिपोर्ट नको, तपासण्यांचं वेळापत्रक आणि डॉक्टरांचं बोलणं हवं. ऐकून कुणी मागे फिरेल. फिरू दे. लग्नानंतर पाच वर्षांनी एमआरआयची चिठ्ठी कपाटात सापडून जे होतं त्यापेक्षा ते बरं. आणि अजून तर तुम्हाला हेही माहीत नाही की सांगण्यासारखं काही आहे की नाही.

भावकीबद्दल एक अपवाद. बिघाड वडिलांच्या बाजूचा असेल तर तुमचे चुलते, त्यांची मुलं, वारलेल्या आत्यांची मुलं, सगळ्यांचा यात संबंध येतो. बांधाचा खटला चालू द्या. पण एक चिठ्ठी त्यांच्या घरी पोचली पाहिजे. जनुकीय समुपदेशक, म्हणजे चाचणी आणि तिचा अर्थ समजावून सांगणारे तज्ज्ञ, नातेवाइकांना देण्यासाठी अशी चिठ्ठी लिहून देतात: कुटुंबात अमुक बिघाड आढळला आहे, तपासायचं असल्यास हे कागद डॉक्टरांना दाखवा. त्यात आक्काचं नाव घालायचं की नाही ते आक्का ठरवेल. वकिलामार्फत पाठवू नका म्हणजे झालं.

पुढे काय करायचं. आक्काच्या रिपोर्टची पूर्ण प्रत मागवा, फोटोत कापलेलं एक पान चालणार नाही. त्यात बिघाडाचं नेमकं नाव असतं, 'सी.' या अक्षराने सुरू होणारी आकड्या-अक्षरांची ओळ. त्या नावाशेजारी 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' असं लिहिलं असेल तरच माझं वरचं सगळं बोलणं लागू. 'अनसर्टन सिग्निफिकन्स' असं असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही. आपल्याकडच्या लोकांच्या जनुकांची माहिती जगात कमी गोळा झाली आहे, म्हणून भारतीयांच्या रिपोर्टमध्ये असे शेरे जास्त येतात. त्यावरून कुणी चाचणी करू नये, ऑपरेशन करू नये, सोयरीक तर नाहीच नाही. फक्त दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारावं, शेरा बदललाय का.

नेमकं नाव हाती असलं की तुमच्या चाचणीत तेवढीच एक जागा तपासायची असते. रक्त किंवा लाळ पुरते, काही आठवड्यांत निकाल येतो आणि आक्काने केलेल्या मोठ्या चाचणीपेक्षा खर्च बराच कमी येतो. आक्काचे डॉक्टरच तुम्हाला रस्ता दाखवतील. तुम्हाला कोल्हापूर जवळ, बेळगावात केएलईचं मोठं रुग्णालय आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वारशाने येणाऱ्या कॅन्सरसाठी वेगळा जनुकीय विभाग आहे. बरेच समुपदेशक व्हिडिओ कॉलवरही बोलतात. जिथे जाल तिथे चाचणीच्या आधी समुपदेशन मागा, आणि संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. ते मागण्यात संकोच कसला. मॉलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या 'डीएनए किट'वर पैसे घालवू नका.

खर्चाबाबत सीमाभागाची म्हणून एक गोम आहे. आक्काचं रेशनकार्ड महाराष्ट्राचं, तुमचं कर्नाटकाचं. तिला जी योजना लागली ती तुम्हाला लागेलच असं नाही. तुमच्याकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला, तुमचं गाव त्यात आहे का ते विचारा. मात्र या योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतात. आजारी नसलेल्या माणसाच्या जनुकीय चाचणीचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका. ते खिशातून जातील असं समजूनच निघा.

आणि आक्काचा फोन घ्या. ती तुम्हाला पकडायला फोन करत नाहीये. केमो झालेल्या बाईला आपल्यामुळे भावाच्या घरात भांडण लागलं असं वाटत असेल तर ते तिने कुणाला सांगायचं? तिला एवढंच विचारा, रिपोर्ट कधी पाठवतेस. सोबत हेही विचारा की या बिघाडामुळे तिच्या उपचारात काही बदल होतो का, ते डॉक्टरांनी सांगितलंय का. ओलापॅरिबसारखी काही औषधं खास अशाच रुग्णांसाठी आहेत, सगळ्यांना लागतात असं नाही. तिच्या अंडाशयांचं आणि दुसऱ्या स्तनाचं काय करायचं हेही ठरवायचं असेल. भाच्याची चाचणी हा त्याचा विषय. तुम्ही तुमची केल्यावर तो आपोआप विचारील.

समुपदेशकाकडे जाताना वहिनींना बरोबर न्या. माझं वरचं बोलणं त्यांनी मानावं अशी माझी अपेक्षा नाही, त्यांचे प्रश्न त्यांनी स्वतःच तिथे विचारावेत. त्यांच्या माहेरी कुणाला कॅन्सर झाला होता का, तेही आधी आठवून ठेवायला सांगा. तुमच्या मुलींमध्ये निम्मी जनुकं त्यांची आहेत, आणि समुपदेशक ते विचारणारच.